सोमवार-गुरुवारच्या गाडीचा फिल्टर

मी एअर फिल्टर बोलतोय. जब्बारच्या जुन्या डिझेल गाडीचं बोनेट उघडलं की उजव्या अंगाला एक काळी पेटी दिसते, तो मी. गाडीचं नाक म्हणा हवं तर. इंजिनाला लागणारी सगळी हवा माझ्यातून जाते. धूळ मी अडवतो, आणि पाण्याला तर आत पाऊलही ठेवू देत नाही. निदान आजवर दिलेलं नाही.

स्वभाव म्हणाल तर मी भित्रा. माझा जन्मच तसा झाला. वाळूजच्या एका कारखान्यात साच्यातून गरमागरम बाहेर पडलो. अजून नीट गारही झालो नव्हतो, तोच एका बाईनं माझी दोन्ही तोंडं बुचांनी बंद केली, आत हवा भरली आणि मला पाण्याच्या हौदात दाबून धरलं. एकही बुडबुडा आला नाही, तेव्हा ती म्हणाली, "पास." मी पास झालो खरा, पण तेव्हापासून पाण्याची जी धडकी भरली ती भरलीच.

तिथून मी औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानात आलो. वरच्या फळीवर, धुळीत. माणसं वस्तू कशी निवडतात हे मी तिथं बसून पाहिलं. आधी बोटानं टकटक करून बघायची. मग आमच्यापैकी एखाद्याला हातात उलटापालटा करून विचारायची, "आवाज कसा येतो?" श्वास घ्यायच्या वस्तूचा आवाज कशाला हवा, हे मला कधी कळलं नाही. पावसात कसा चालेल असं मात्र कोणी विचारत नसे. गिऱ्हाईक यायचं मे महिन्यात, आणि मे महिन्यात पाऊस कुणाच्या ध्यानात असतो?

माझ्या खालच्या फळीवर एक उघडा फिल्टर होता. लाल जाळी, चकचकीत नळी. येणारा प्रत्येक जण आधी त्यालाच हात लावायचा. मला फक्त झाडलोट करताना हात लागायचा.

एके दुपारी जब्बार आला. खुलताबादहून शहरात प्रवासी ने-आण करणारा, तिशी ओलांडलेला, घाईचा माणूस. त्याच्या गाडीचा जुना फिल्टर उंदरांनी कुरतडला होता. सोबत त्याचा मेकॅनिक कय्युम होता. आणि दोघांच्या मागून सावकाश पावलं टाकत मनकर्णाबाई आल्या. दुकानदारानं त्यांना बघून लगेच स्टूल पुढं केलं.

मनकर्णाबाईंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी जब्बार त्यांना खुलताबादच्या पलीकडच्या गावातून शहरातल्या दवाखान्यात डायलिसिसला आणायचा. सकाळी नऊचं मशीन. उशीर झाला की ते दुसऱ्या पेशंटला द्यायचे. जब्बारची आई आणि मनकर्णाबाई एका रानात कापूस वेचायच्या, म्हणून तो त्यांना मावशी म्हणायचा. त्या दिवशीही त्या मशीनवरूनच आल्या होत्या. डाव्या हाताला पट्टी होती आणि चेहरा ओढलेला होता.

जब्बारचा हात सरळ त्या लाल जाळीवर गेला. "यानं गाडी पळती का?"

"पळती? अरे, उडती!" दुकानदार म्हणाला. "याची नळी खाली बंपरच्या मागं येते. तिथं गार हवा मिळते. गार हवा म्हणजे ताकद. घाट कधी चढलास ते कळायचं नाही."

"मावशी, ऐकलं का? आपली गाडी घाटात रांगती. यानं पंधरा मिंटं वाचतील. मंग नंबर जायची भीतीच नाय."

कय्युम हळूच म्हणाला, "रस्ते में पानी किदर लगता, वो भी सोच मियाँ."

"साल में चार दिन लगता रे!" जब्बारनं त्याला उडवून लावलं.

मनकर्णाबाई स्टुलावरून पुढं वाकल्या. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "खाली म्हन्ता, म्हंजी किती खाली?"

दुकानदारानं जमिनीपासून वीतभर उंचीवर हात धरून दाखवला.

"हं," त्या म्हणाल्या. "आमच्या हिरीवरच्या मोटरीनं हवा धरली की पाणी वर येतच नाय. मोटर नुसती बोंबलती. हे त्याच्या उलटं दिसतंय. हे हवा वढनार. यानं पाणी धरलं तर?"

कय्युमचा चेहरा खुलला. "मावशी, हवा दबती, पाणी दबत नाय. इंजिनमधी पाणी गेलं की रॉड वाकडा. गाडी जागच्या जागी बसती, ती दुसऱ्या गाडीला बांधून टोचन करूनच न्यावी लागती."

"मंग पंधरा मिंटं वाचवून करू काय? उशीर झाला तर सिस्टरबाईशी भांडता तरी येतं. पोचलेच नाय तर कुनाशी भांडू?"

जब्बारनं लाल जाळीवरून हात काढला. पण मन काढलं नव्हतं, हे मला वरून दिसत होतं.

"वरच्या तोंडाचा हाये का एखादा?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

अशा रीतीनं मला पहिल्यांदा कुणीतरी मागितलं. कय्युमनं मला फळीवरून काढलं, फुंकर मारली आणि त्यांच्यापुढं धरलं. चारी बाजूंनी बंद पेटी. नळी वर वळून बोनेटच्या काठाशी जाते, हेडलाइटच्याही वर. पोटात जाळीच्या घड्या, ओल न धरणाऱ्या धाग्याच्या. दुकानदार म्हणाला, "हा घ्या, पण यानं गाडी काही पळायची नाही. आधीच सांगतो."

"नाय पळाली तर नाय. आपल्याला काय शर्यत लावायची हाये?"

मला आनंद झाला म्हणावं तर आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. फळीवर धूळ होती, पण पाणी नव्हतं. आता माझ्यावर एका बाईचा जीव आणि वाटेत एक फरशी पूल होता. गाव आणि खुलताबाद यांच्या मध्ये एक ओढा आहे. त्यावरचा पूल इतका ठेंगणा की जरा पाऊस झाला की पाणी त्याच्यावरून वाहायचं.

गाडीत बसल्यावर जब्बार आणि मनकर्णाबाईंचं बोलणं मला ऐकू यायचं. त्यातून कळलं की डॉक्टरांनी त्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलंय. उन्हाळ्यात जीभ कोरडी पडली तरी त्या फक्त ओठ ओले करायच्या. मशीन चुकलं की पाणी अंगात साठतं, आधी पाय सुजतात, मग ते छातीत उतरतं आणि आडवंही होता येत नाही. हे ऐकलं आणि वाटलं, ही बाई माझ्यासारखीच आहे. श्वासाच्या वाटेवर पाणी येऊ नये एवढंच आम्हा दोघांचं मागणं होतं.

पण माणसाच्या मायेचा काही नेम नाही. जूनच्या सुरुवातीला वावटळी सुटल्या, रस्ता धुळीनं भरला. एका सोमवारी मनकर्णाबाईंनी पिशवीतून जुन्या लुगड्याचं मऊ फडकं काढलं. दुहेरी केलेलं, काठाला नाडी ओवलेली.

"आम्ही नळाच्या तोंडाला बांधतो की नाय, पाणी गाळायला? तसं ह्याला बांध. बिचारा लई धूळ खातो."

जब्बारनं ते माझ्या तोंडावर बांधलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जन्मात कुणी माझ्यासाठी काही शिवलं नव्हतं. धुळीचे दिवस होते तोवर त्या फडक्यानं कामही चोख केलं. मग पाऊस सुरू झाला आणि फडकं तिथंच राहिलं. घाटातल्या धुक्यानं ते दमट व्हायचं. मी म्हणायचो, वाळेल उद्या. पण ऊन पडायचं नाव नव्हतं, आणि सुती कापड पाणी कसं पितं हे मला माहीत असायला हवं होतं.

अशातच एका सोमवारी दवाखान्यातलं मशीन बिघडलं आणि सगळ्यांना परत पाठवलं. गुरुवारपर्यंत मनकर्णाबाईंचे पाय सुजून कुप्पे झाले. गुरुवारी पहाटेपासून झड लागली होती. फरशीवरून पाणी जायला लागलं की थांबावं, एवढी अक्कल मलाही आहे आणि जब्बारलाही होती. पण मागच्या सीटवर त्यांना पाठ टेकवून बसता येत नव्हतं. त्या पुढं वाकून, समोरची सीट धरून श्वास घेत होत्या. पाणी अर्ध्या चाकाच्या खाली होतं. जब्बारनं अल्लाचं नाव घेतलं आणि गाडी घातली.

मधोमध आलो आणि माझा जीव गुदमरला. चिखलपाण्याचे फवारे उडत होते. फडकं थबथबलं आणि माझ्या तोंडाला चिकटून बसलं. मी ओढतोय, ओढतोय, हवा येतच नाही. मागं काळा धूर निघाला, इंजिन आचके देऊ लागलं. मला एकच दिसत होतं: गाडी इथं बंद पडली तर पाणी मागच्या धुराच्या नळीनं चढेल, आणि मागच्या सीटवरची बाई इथंच राहील. वरच्या तोंडाचा म्हणून मला निवडलं होतं त्यांनी. भरवसा ठेवला होता.

"काय झालं याला? पाणी तर लागलं नाय!" जब्बार ओरडला.

मनकर्णाबाई कान देऊन ऐकत होत्या. मग धापेतच म्हणाल्या, "जब्बार, माझं फडकं काढ. त्यानं नाक दाबलंय त्याचं. मला बी रातभर असंच व्हायलंय."

जब्बारनं गाडी चालूच ठेवली. गुडघाभर पाण्यात उतरून बोनेट वर केलं आणि फडकं ओरबाडून काढलं. मी एवढा मोठा श्वास घेतला की इंजिन एकदम खणखणलं. ओढ्यापलीकडं गेल्यावर जब्बार रडत होता की पावसानं भिजला होता, ते मला सांगता येणार नाही. दवाखान्यात पंचवीस मिनिटं उशीर झाला. सिस्टरबाईनं आधी रागावून घेतलं आणि मग त्यांना मशीनवर घेतलं.

त्या दिवसापासून माझं भाग्य पालटलं. दसऱ्याला आमच्या गावात विळे, कोयते, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा होते. मनकर्णाबाईंनी जब्बारला बोनेट उघडायला लावलं आणि मला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला.

"मावशी, गाडी ठेवली बाजूला आन् फिल्टरची पूजा?" जब्बार हसला.

"गाडी तुझी. हा माझा हाये."

त्याला आता तीन पावसाळे झाले. आतली जाळी कय्युमनं दोनदा बदलली. पण पेटी तीच. इंजिनाची धग आणि घाटातले हादरे खाऊन माझं प्लास्टिक थकलं. यंदा एप्रिलमध्ये कय्युमनं माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मावशी, खालून चीर गेली हाये. पेटी बदलू." जब्बारनं त्याच दुकानातून हुबेहूब माझ्यासारखा नवा फिल्टर आणलासुद्धा. माझा जुळा भाऊच म्हणा. तो अजून डिकीत खोक्यात बसलाय.

मनकर्णाबाईंनी तो लावू दिला नाही. त्या अडाणी नाहीत, हे तुम्ही पाहिलंच. पण त्यांच्या शेजारच्या बेडवर आप्पासाहेब नावाचे एक मास्तर असायचे. त्यांनी दवाखाना बदलला आणि पंधरा दिवसांत गेले. तेव्हापासून मनकर्णाबाई काहीच बदलत नाहीत. तीच सीट, तीच पिशवी, त्याच वेळी निघायचं. "चालतंय ते चालू दे बाबा," म्हणतात. एकदा हळदकुंकू वाहिलेली वस्तू उकिरड्यावर टाकायला त्यांचा हात धजत नाही, ते वेगळंच. शेवटी कय्युमनं चिरेत लुकण भरलं आणि बजावलं, "पावसाच्या आत बदलायचं हां." तो आता भाचीच्या लग्नाला गंगापूरला गेलाय. पाऊस त्याची वाट बघत थांबलेला नाही.

आज बुधवार. दोन दिवस ओढा भरून वाहतोय. दुपारी जब्बारनं उद्याच्या तयारीला गाडी सुरू करून पाहिली. लुकण कधीच गळून पडलंय. एक्सिलेटर दाबला की माझ्या पोटातून बारीक शिट्टी वाजते.

"मावशी, ऐकू येतंय का? एकदा बदलून टाकू का? खोकं डिकीतच हाये."

मनकर्णाबाई ओसरीवरून उतरून आल्या. पदरानं त्यांनी मला वरून पुसलं. वरून मी अजून चांगला दिसतो.

"शिट्टी कामून म्हन्तो? गातोय त्यो. इतक्या वर्साचा सोबती हाये. त्यानं एकदा नेलंय मला, पुन्ना नेईल."

जब्बारनं एकदा डिकीकडं पाहिलं. मग मावशीचं मन कशाला मोडायचं म्हणून त्यानं बोनेट लावून टाकलं.

मावशी, मी गात नाही हो. माझ्या पोटाला बोटभर चीर पडलीय आणि तिथून मी हवा ओढतोय, त्याचा हा आवाज आहे. उद्या फरशीवर मी तिथूनच पाणी ओढेन. मला ओढायचं तेवढं कळतं, थांबता येत नाही. आमच्या जातीच्या वस्तू म्हाताऱ्या झाल्या की गयावया करतात, आम्हाला टाकू नका म्हणून. मी मात्र टाका म्हणतोय. तुमची माया मला कळते, पण तिचं ओझं आता मला पेलत नाही.

जब्बार, तू तरी ऐक. बोनेट पुन्हा उघड. दोन क्लिपा आणि एक पट्टी, दहा मिनिटांचं काम आहे, कय्युम नसला तरी तुला जमेल. मावशी रुसतील, रुसू दे. मला काढ, अंगणात कुठंही फेक, त्या खोक्यातल्याला लाव, आणि मगच मावशींना गाडीत बसव.