तळ्याखालची चादर

मित्रांनो, मी तळ्याखालची एक जुनी रबरी चादर आहे. काळी, जाड, दोघांनी मिळून उचलावी इतकी जड. बागेत आलेला पाहुणा फुलांना छान म्हणतो, बेडकांनाही छान म्हणतो. मला छान म्हणायला कोणी वाकत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, झाकलेलं राहणं हेच माझं काम. पण आज माझ्या अंगाला भोकं आहेत, आणि ती कशी पडली ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. भोक पडलं म्हणजे आपण संपलो, असं एके काळी मला वाटलं होतं.

कारखान्यातल्या तापलेल्या रुळांमधून मी बाहेर आले, आणि घडी घालून दूरदेशी, शॅनन नदीच्या काठच्या एका पावसाळी गावात येऊन पडले. मला आणलं नूलाआजींनी. तेव्हा त्या आजी नव्हत्या. परसातला खड्डा त्यांनी स्वतः खणला, मला खडे टोचू नयेत म्हणून तळाशी जुना गालिचा अंथरला, आणि माझ्यावर अनवाणी चालून चालून माझ्या सुरकुत्या काढल्या. मग पावसानं मला भरलं. तिकडे पावसाला बोलवावं लागत नाही.

काठच्या ओल्या मातीत त्यांनी माहेरच्या ओढ्यावरून आणलेली पिवळी फुलझाडं लावली. गोल चकचकीत पानं आणि लोण्याच्या रंगाची फुलं. तिथे त्यांना मेफुलं म्हणतात. मे महिना लागायच्या आदल्या संध्याकाळी ती उंबऱ्यावर ठेवायची, म्हणजे वर्षभर घरात वाईट काही शिरत नाही. नूलाआजी दर वर्षी ठेवायच्या. हसत ठेवायच्या, पण ठेवायच्या. त्या गेल्यानंतर त्यांचे यजमान, फिंटनआजोबा, ठेवू लागले. ते हसत नसत.

फिंटनआजोबांचं सगळं आयुष्य ओल्या शेतांत चर खणण्यात गेलं. तिथली जमीन अशी, की पाणी काढून दिल्याशिवाय गाईचा पाय वर येत नाही. जन्मभर पाण्याला वाट करून देणारा माणूस संध्याकाळी माझ्या काठी बसायचा आणि म्हणायचा, "थेंब सोडत नाही ही." माझं सगळं कौतुक एवढंच. ते मला पुरायचं. आजी गेल्यावर मात्र माझ्याकडे कोणी बघेना. पाला साचला, शेवाळ धरलं. बेडूक तेवढे दर वर्षी येत राहिले.

मग त्यांची मुलगी डर्व्हला माहेरी राहायला आली. तिचा नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, महिन्यातून एकदा येणारा. सोबत दोन वर्षांची सोर्चा. डर्व्हलाची नजर सतत पोरीवर, आणि पोरीची नजर सतत पाण्यावर.

एका सकाळी चुलीवर ओटची लापशी होती आणि मागचं दार लोटायचं राहिलं. सोर्चा बेडूक बघायला आली आणि तिचा एक पाय पाण्यात गेला. त्या छोट्या बुटाचा तळ मला लागला. मित्रांनो, मी पाणी धरून ठेवते, माणूस मला धरता येत नाही. पुढे माझा उतार होता, शेवाळानं गुळगुळीत झालेला. मी काहीच करू शकत नव्हते. डर्व्हला अनवाणी धावत आली आणि तिनं पोरीला वर ओढलं. ओल्या मोज्यापलीकडे काही झालं नाही. पण लापशी जळाली, आणि त्या दिवशी त्या घरात कोणी नीट जेवलं नाही.

"बाबा, तळं बुजवायचं," ती म्हणाली. "नाहीतर मी दुसरीकडे घर बघते."

"ती फुलं तुझ्या आईची आहेत."

"मला ठाऊक आहे. आई माझीही होती."

आजोबांनी जाळी लावायचं सुचवलं. पोरगी जाळीवर चढेल, असं डर्व्हला म्हणाली. कुंपण घालू म्हणाले, तर कुंपणाचं दार कोणीतरी उघडं टाकेलच, हे तिचं उत्तर तयार. असं बरेच दिवस चाललं. शेवटी तीच कुठूनसं वाचून, चार जणांना विचारून आली. तळं बुजवायचं, पण वाळवायचं नाही. माझ्या उभ्या कडांना थोडी भोकं पाडायची, तळ तसाच ठेवायचा, वर खडी आणि माती भरायची. जादा पाणी झिरपून जाईल, ओल तेवढी राहील. पोरगी पडली तरी घोट्यापर्यंत चिखलात, आणि मुळं कायम ओली.

"आणि फुलं गेली तर?" आजोबांनी विचारलं.

बेडकांची पिल्लं तळं सोडून गेल्यावर, उन्हाळा सरताना, काम सुरू झालं. शेजारची बर्नी भिंतीवर कोपरं टेकून मजा बघत होती. "काय हो फिंटन, जन्मभर लोकांच्या दलदली आटवल्यात, आणि आता लेकीनं घरातच दलदल मांडली?" मग तिनं दलदलीतून काढलेल्या काळ्या मातीचं पोतं देऊ केलं. डर्व्हला म्हणाली, "एक दलदल करायला दुसरी खणून आणू होय, बर्नीमावशी?" शेवटी परसातली माती आणि कुजलेला पाला यांवरच भागवलं.

पाणी उपसलं, आणि कित्येक वर्षांनी माझ्या अंगाला ऊन लागलं. मग चार दातांचा लोखंडी काटा माझ्या कडेत घुसला. दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटली. थेंब न सोडणारी मी, आणि माझ्यातून पलीकडची माती दिसत होती. डर्व्हलानं मोजकीच भोकं पाडली. तेवढ्यात सोर्चा झोपेतून रडत उठली, म्हणून ती आत गेली.

आजोबा एकटे उरले. माझ्या तळाशी अजून थोडं पाणी होतं. त्यांनी ते पाहिलं, काटा उचलला, आणि माझ्या तळालाही भोकं पाडली. एवढ्यावर न थांबता खालच्या अंगाला मला कापून त्यांनी भिंतीपर्यंत एक चर काढला, अगदी सरळ, नेटका. पाणी निघून गेलं, तसा त्यांनी समाधानाचा सुस्कारा सोडला आणि चर खडीनं झाकून टाकला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी सगळं पाहिलं, पण चादरीला सांगता येत नाही.

हिवाळाभर पाऊस होता, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. पण तो वसंत कोरडा गेला. माती भेगाळली. मेफुलांच्या कळ्या आल्या आणि उमलायच्या आतच काळ्या पडल्या. डर्व्हला पन्हळीखालच्या पिंपातलं पाणी आणून आणून घालायची, आणि घातलेलं पाणी त्या नेटक्या चरातून निघून जायचं. मे लागायच्या आदल्या संध्याकाळी आजोबा रिकाम्या हातांनी उंबऱ्याशी उभे होते. बर्नीनं ओढ्यावरची फुलं आणून दिली. त्यांनी आभार मानले आणि ती परत केली.

ते आत गेल्यावर डर्व्हला मातीत बोटं घालून बसली आणि म्हणाली, "आई, मी भीतीपायी तुझी फुलं मारली गं." हे फक्त मी ऐकलं.

पण हात बांधून बसणारी ती नव्हती. चूक कुठे झाली ते बघायला तिनं खालच्या अंगाची माती उकरली. आधी खडी लागली, आणि खडीखाली चर. असा सरळ चर त्या गावात एकच माणूस खणू शकत होता.

"बाबा, हे काय?"

आजोबा आले. त्यांनी पाहिलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. चर काढल्याचं त्यांच्या ध्यानातही उरलं नव्हतं. "हात गेला गं," ते म्हणाले. "पाणी दिसलं की वाट काढून द्यायची. या हाताला दुसरं काही येतच नाही."

डर्व्हला रागवेल असं मला वाटलं. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या. तिच्या मुठीत सोर्चाच्या झग्याचं टोक होतं. माती उकरतानाही तिनं ते सोडलं नव्हतं.

"माझ्याही हाताला एकच येतं, बाबा," ती म्हणाली, आणि हसू लागली. मग दोघंही हसली. बर्नी भिंतीवरून विचारत राहिली की झालं तरी काय.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी आपले चर खणायचे उंच रबरी बूट आणले आणि कात्रीनं उभे चिरले. डर्व्हला नको नको म्हणत होती. "आता कुणाचे चर काढायचेत मला?" ते म्हणाले. त्या बुटांनी जन्मभर पाणी बाहेर ठेवलं होतं. आता ते आत ठेवायचं होतं. वरची माती आणि खडी बाजूला सारून बुटांचे तुकडे माझ्या तळाच्या भोकांवर बसवले, चर चिकणमातीनं चेपून बंद झाला. कडेची भोकं तशीच ठेवली. पाणी आलं, आणि या वेळी ते थांबलं. सगळं नाही, हवं तेवढं. तुडुंब भरण्यापेक्षा हे अवघड असतं, मित्रांनो. मला ते म्हातारपणी शिकावं लागलं.

बेडूक अंडी घालायला आता पलीकडच्या कुरणातल्या डबक्यात जातात. ऊन वाढलं की पानांखाली गारव्याला मात्र माझ्याकडेच येतात. आणि मेफुलं? पानं वाळली होती, पण मुळं मेली नव्हती. पुढच्या वसंतात एका झाडाला पानं फुटली. मग दुसऱ्याला. कळ्या आल्या त्या मोजक्याच, पण सगळ्या उमलल्या.

मे लागायच्या आदल्या संध्याकाळी तिघं परसात आली. सोर्चा आता चार वर्षांची. "मी आणणार," ती म्हणाली. डर्व्हलानं तिचा हात धरला होता. बोटं एकेक करून सुटली, तशी सोर्चा माझ्यावर आली. दोन पावलं टाकली आणि बूट चिखलात रुतला. डर्व्हला अर्धी पुढे झाली. ती तिथेच थांबली, दोन्ही हात स्वतःच्याच कोटाला घट्ट धरून.

सोर्चानं ओढून पाहिलं. बूट निघेना. मग तिनं पायच बुटातून काढला, चिखलातून मोज्यानं चालत फूल खुडलं, आणि तशीच जाऊन ते उंबऱ्यावर ठेवलं. आजोबा त्या वर्षी हसले.

मित्रांनो, तुमच्याही परसात, गच्चीत, नळाखाली एखादा कोपरा कायम ओला राहत असेल. तो लगेच सिमेंटनं लिंपू नका. तिथे काय उगवतं ते आधी बघा. आणि एखादी वस्तू गळू लागली म्हणून फेकण्याआधी, ती गळूनसुद्धा कुणाच्या उपयोगी पडेल का, एवढं स्वतःला विचारा. आणखी काही मागावं इतकी मी मोठी नाही.

सोर्चाचा तो बूट अजून माझ्यापाशी आहे. डर्व्हला काढायला आली होती, पण त्यात एक बेडूक बसलेला दिसला, म्हणून तशीच परत गेली.