थोरलीनं वर बघितलंच नाही

दोघी जावा कांद्याच्या रानात खुरपत होत्या, तेव्हा तो दगड पडला. आभाळ कोरडंठाक असताना आधी गडगडाट झाला आणि मग बांधालगत धप्पकन काहीतरी मातीत घुसलं. धाकटी खुरपं टाकून ओरडत वस्तीवर पळत आली. आम्ही सगळे धावलो. बघतो तर थोरली आपली खाली मान घालून गवत काढतेय. दगड तिच्यापासून चार पावलांवर.

तिचा नवरा, आमचा ट्रॅक्टरवाला, उन्हाळ्यात ट्रॉली उलटून गेला होता. तेव्हापासून ती अशीच. रडली नाही की कुणाशी भांडली नाही. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. दूध डोळ्यांदेखत उतू जायचं आणि ही नुसती बघत उभी.

मग विद्यापीठातल्या उल्का केंद्राची माणसं जीप घेऊन आली. त्यांनी शाळेत पोरांना समजेल असं सगळं सांगितलं आणि दगड नेऊ का म्हणून थोरलीला विचारलं. ती "न्या" म्हणाली, एवढंच. धाकटी मात्र गावभर गोष्ट सांगत फिरली. दर सांगण्यात दगड थोडा वाढायचा.

कांदा निघाल्यावर केंद्रानं लोकांसाठी दगड बघायला ठेवले आणि या दोघींना बोलावलं. सोबतीला मी शेजारी म्हणून गेलो. सभागृह पोरांनी भरलेलं. धाकटी रंगात येऊन बोलली, टाळ्या मिळाल्या. मग केंद्रातल्या बाईंनी थोरलीला विचारलं, त्या वेळी काय वाटलं?

थोरलीनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"आवाज झाला," ती म्हणाली. "मला काही वाटलं नाही."

मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिच्या हातातला माईक हळूच काढून घेतला आणि आम्हाला शेजारच्या खोलीत नेलं. तिथं त्याच दगडाचा कागदाहून पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. मी आधी डोळा लावला. बाहेरून तो दगड जळक्या विटेसारखा काळा, आणि आत निळे, नारिंगी, जांभळे दाणे. बाईंनी खालची तबकडी फिरवली की सगळे रंग बदलायचे.

मग थोरली वाकली. वाकली ती वाकलीच. मागं पोरांची रांग दारापर्यंत गेली, चुळबुळ सुरू झाली. धाकटीनं तिचा दंड धरला. गाडी चुकेल, चल म्हणाली.

थोरलीनं दंड सोडवून घेतला. डोळा न काढता म्हणाली, "थांब गं. मला बघायचंय."

तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं उन्हाळ्यापासून आम्ही ऐकलं नव्हतं. धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मग रांगेकडं वळून घसा खाकरला.

"दम धरा रे जरा," ती पोरांना म्हणाली. "तिचं होऊ द्या."