बिनमिठाचं ताट

निळ्या काठाचं एक ताट, वर पांढरं फडकं.

मेलेल्या माणसांना मीठ चालत नाही.

पुरुषाच्या चपलांचा जोड. गेल्या फेब्रुवारीपासून माझ्या मागच्या दारापाशी. "राहू दे इथेच, पुढच्या वर्षी येतोच आहे."

आमच्या बेटावर, हिल्सबरोच्या धक्क्याला, बोट चार वाजता लागते.

टांटी एल्मीनाच्या घराची खिडकी मंगळवारपासून बंद. आमच्या विंडवर्ड गावात इतक्या उकाड्यात कुणी खिडकी लावून घेत नाही.

*

शुक्रवारी पाचाच्या सुमाराला तो फाटकातून आत आला. मिस्टर लोथार. अकरा वर्षं, दर फेब्रुवारीत, माझ्याच पाहुणघरात, समुद्राकडच्या खोलीत. नेहमी दोघं यायचे. आज एकटाच. हातात मात्र दोन बॅगा, त्यातली हिरवी त्याच्या बायकोची, मार्गिटची.

"व्हर्लिन! अंगानं भरलीस की!"

"तुम्ही वाळलात. मॅडम कुठायत?"

"येईल मागून."

मागून म्हणजे कधी, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं. ज्याला माहीत नसतं तो विचारतो.

*

मला माहीत होतं.

गेल्या वर्षी निघताना मार्गिट माझ्या कानाशी म्हणाली होती, "मी एकटी आले तर ठेवून घेशील?" मी हो म्हटलं. निरोपाच्या वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. आणि या मंगळवारी ती खरंच दारात उभी. पाठीला छोटी पिशवी, डावं मनगट पट्टीत बांधलेलं. "तो आला तर त्याला सांगू नकोस," एवढंच म्हणाली. मी तिला वर टेकडीवर टांटीकडे नेलं. टांटी म्हणजे मावशी; माझी ती खरीच मावशी, पण गावात लहानथोर सगळे तिला टांटीच म्हणतात.

उद्या पहाटे टांटीचा पुतण्या मार्गिटला होडीने पलीकडच्या युनियन बेटावर सोडणार होता. एक रात्र निभावायची होती.

*

त्याने मागच्या दारापाशी ठेवलेल्या आपल्या चपला घातल्या आणि घरभर फिरला. दर वर्षीच फिरतो. पण दर वर्षी कपाटं उघडत नाही.

"तीन नंबरच्या खोलीत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग पलंगावर चादर कशाला?"

"उघडा पलंग बघवत नाही मला."

तो हसला. मीही हसले. दोघांचं हसू एकदमच थांबलं.

*

अंधारायच्या आत मार्गिटचं जेवण पोचवायचं होतं. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला कूकू, तुरीचे ओले दाणे, थोडा भोपळा. ताट झाकलं, मागचं दार उघडलं. पायरीवर तो.

"कुणाचं ताट?"

म्हणायचं होतं: टांटीचं.

म्हणाले: "आईचं. स्वप्नात आली होती काल. भूक लागली म्हणाली."

घाबरलं की माणूस आईलाच हाक मारतो. माझ्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

"मग आत मांड ना," तो शांतपणे म्हणाला. "पांढऱ्या कापडावर. ते घेऊन बाहेर कुठे निघालीस?"

अकरा वर्षांत त्याने गावातली तीन श्राद्धजेवणं बघितली होती. प्रत्येक गोष्ट मीच त्याला कौतुकाने समजावली होती. आता मागे फिरणं आलं. आईच्या खोलीत मेज लावलं, मेणबत्ती पेटवली, जमिनीवर रमचे चार थेंब सांडले. तो टोपी काढून उभा राहिला, चर्चमध्ये राहावं तसा.

मग त्याने फडकं उचललं, कूकूत बोट खुपसलं आणि चाटलं. मेलेल्यांच्या ताटाला आमच्याकडे मांजरसुद्धा तोंड लावत नाही.

"मीठ नाही."

"त्यांना चालत नाही."

"हो. तूच सांगितलं होतंस." त्याने बोट पँटला पुसलं. "मार्गिटलाही चालत नाही. सहा वर्षं झाली. डॉक्टरांनी बंद केलंय."

एवढं बोलून त्याने खुर्ची उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली. समुद्राकडे पाठ. तोंड टेकडीकडे.

*

जेवण का येत नाही म्हणून टांटी स्वतःच खाली उतरली. काखेत टोपली, डोक्यावर रविवारची हॅट. स्वयंपाकघरात मी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं.

"अक्कल कुठे बुडवून आलीस गं? जिवंत बाईचं जेवण मेलेल्यांपुढे मांडलंस! आता तिला त्यातला कणसुद्धा देता येणार नाही."

"मग करू काय?"

"दुसरं कर. आणि मीठ घाल, हात आखडू नकोस. मेलेल्यांना कळू दे, ही बाई त्यांची नव्हे."

"तिचं ब्लडप्रेशर, टांटी..."

"एका रात्रीच्या मिठानं कुणी मरत नाही. पडवीत बसलाय ना, तसल्यांमुळे मरतात."

मी मासा तळला. टांटीचा डोळा माझ्या हातावर होता, म्हणून मीठ मूठभराहून जास्तच टाकलं.

टांटीने तो टोपलीत ठेवला, वर हॅट झाकली, आणि मागच्या दाराने न जाता सरळ पडवीतून, त्याच्या पायांवरून गेल्यासारखी निघाली.

"काय मिस्टर लोथार, हवा खाताय?"

"टोपलीत काय, टांटी?"

"माझं जेवण. घ्या की, लाजताय कशाला!" तिने हॅट बाजूला करून टोपली थेट त्याच्या नाकाखाली धरली.

त्याने एक तुकडा मोडला, तोंडात टाकला. चेहरा वाकडा झाला.

"फार खारट."

"म्हातारीची जीभ, बाबा. तिला काही कळत नाही."

ती टेकडी चढू लागली, दर दहा पावलांवर थांबत, गुडघ्यांना शिव्या देत. तो तिच्याकडे बघत राहिला. वर तिच्या घराची खिडकी बंद होती. फटीतून उजेड येत नव्हता. तसं मी मार्गिटला बजावलं होतं.

"दमलीय फार," तो म्हणाला. मला वाटलं, टांटीबद्दल बोलतोय.

मी आत जाऊन आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं. ताटातल्या कूकूत त्याच्या बोटाचा खड्डा तसाच होता.

मला नंतर कळलं, दुपारी चार वाजता धक्क्यावर उतरल्याबरोबर त्याने परतीची दोन तिकिटं काढली होती, एक मार्गिटच्या नावाचं.