घरातली फायनल

"फायनल खेळायची नाही," अडेमार मास्तर म्हणाले. "सुवर्ण तायनाचं. पंचांनी बोलावलं की तू मागे सरायचं, तिला मिठी मारायची, फोटो काढायचा. कळलं ना, जुसारा?"

त्यात कळायचं काय! जिउ-जित्सू खेळणाऱ्या रिओतल्या शेंबड्या पोरालाही हा रिवाज माहीत असतो. एकाच अकादमीचे दोघं अंतिम फेरीत आले की आपसात लढत नाहीत. मास्तर ठरवतात, एक जण जिंकतो, दुसरा हसतो. अकरा वर्षांत मी चार वेळा हसले होते.

पण या वेळी सुवर्णाबरोबर राष्ट्रीय संघातली जागा होती. रिओच्या मादुरेरा वस्तीत गॅरेजच्या माळ्यावर आम्ही घाम गाळायला लागलो, तेव्हा हा खेळ म्हणजे एका गल्लीचं दुसऱ्या गल्लीशी भांडण होतं. आता पोलंडच्या, कझाकस्तानच्या पोरी आमचेच डाव आमच्यावर टाकतात आणि जागतिक स्पर्धा टीव्हीवर दिसते. मला तिथे जायचं होतं. वय चौतीस, गुडघ्याचं एकदा ऑपरेशन झालेलं. पुढच्या वर्षी मला कोण विचारणार होतं?

आणि तायना कोण? मास्तरांची पुतणी. बावीस वर्षांची, टवटवीत, काकांच्या गाडीतून येणारी. मी बाजारात दिवसभर मासे कापून बसनं यायचे.

"मी लढणार, मास्तर."

"काय म्हणालीस?"

"लढणार. ती जिंकली तर खुशाल जाऊ दे."

"फितूर!" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या मॅटवरचे लोक वळले. आमच्यात याहून घाण शिवी नाही. आईवरून शिवी दिली तर लोक हसतात, फितूर म्हटलं तर तुमच्या टेबलावर जेवायला बसत नाहीत. "मासे कापणारी बाई तू! पट्टा बांधायला मी शिकवलं तुला!"

"आणि तुमची मॅट अकरा वर्षं मी पुसली. तेही सांगा की ओरडून."

आम्ही मॅटवर गेलो. तायनानं ठरल्याप्रमाणे मिठीसाठी हात पसरले. मी तिची कॉलर धरली.

"जुसी, वेडी झालीस का?" ती कुजबुजली.

"लढ नाहीतर घरी जा."

आमचीच अकादमी माझी हुर्यो उडवत होती. ज्यांच्या बोटांना मी चिकटपट्ट्या बांधल्या, तेच "फितूर, फितूर" म्हणून बाकं बडवत होते. मला इतका संताप आला की तायनाला पहिल्याच मिनिटाला मी पाठीवर आपटलं. दोन गुण. सात मिनिटं ते दोन गुण मी दातओठ खाऊन सांभाळले. आठव्या मिनिटाला माझा गुडघा दगा देऊन गेला आणि तिचे पाय माझ्या मानेभोवती आवळले गेले. हार मानून मॅटवर हात आपटला असता तर सुटले असते. मी आपटला नाही.

शुद्धीवर आले तेव्हा पंचांनी माझे पाय वर धरले होते. पलीकडे मास्तर तायनाचा हात उंचावून कॅमेऱ्याला सांगत होते, "पाहिलंत? आमच्या घरात सुवर्ण कुणाला दान मिळत नाही!"

त्या माणसाच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं, पण तोंडाला कोरड पडली होती.

मग ते माझ्याकडे आले. "सोमवारपासून येऊ नकोस. किमोनोवरचं अकादमीचं चिन्ह उसवून दे."

मी जागीच उसवायला बसले. निघेना. मासे पकडायच्या दोऱ्यानं मीच दुहेरी शिवलं होतं ते. तायना समोर येऊन उभी राहिली.

"काकांनी दिलेली तीन पदकं मी कपाटात उलटी ठेवते," ती म्हणाली. "हे पहिलंच माझं आहे. तुझ्यामुळे."

"आभार मानू नकोस. मी तुला हरवायला आले होते."

"माहितीये."

मी किमोनोच उतरवला आणि नुसत्या टीशर्टमध्ये उभी राहून तो तिच्या अंगावर फेकला. "दे तुझ्या काकांना, त्यांचं चिन्ह आहे. आणि ऐक, त्या पोलंडच्या पोरी तुझ्या काकांना ओळखत नाहीत. तिथे हरून आलीस तर मला तोंड दाखवू नकोस."

तिनं तो काकांना दिला नाही. नीट घडी करून स्वतःच्या प्रवासाच्या पिशवीत तळाशी ठेवला, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.