शांत बाळ

उनाइसी वहिनी सुवाच्या मोठ्या इस्पितळातून बोटीने घरी आली, तेव्हा तिच्या पोटावर टाके होते आणि कुशीत मुलगी. फिजीतल्या आमच्या कंदावू बेटावर नातीला आजीचं नाव देतात, म्हणून तीही माकेरेता झाली. माझी आई त्या दिवशी गावभर उगाचच फिरून आली.

टाक्यांच्या कळा वहिनीला उठू देत नव्हत्या. इस्पितळातून दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्या घेतल्या की डोळे जड होतात म्हणून ती टाळायची. आई ऐकेना. स्वतःची बाळंतपणं तिने दात-ओठ आवळून काढली होती. सुनेच्या वाट्याला ते नको. नारळाच्या दुधातली मासळी भरवून झाली की ती गोळी हातावर ठेवायची. म्हणायची, "घे गं बाई. तुला आराम पडला तरच पोरीला दूध पुरेल."

बाळ सारखं झोपायचं. बघायला आलेल्या बायका चटईवर बसून कौतुक करायच्या, काय गुणाची पोर म्हणून. लितिया मावशी आईला म्हणाली, "नाव तुझं घेतलं, तोंड तेवढं घेतलं नाही, देवाची कृपा." सगळ्यांत जास्त आईच हसली.

मग पोर नीट ओढेना. दोन घोट घेऊन मान टाकायची. वहिनी घाबरली, पण आईने समजावलं, प्रवासाने शिणली असेल. एका सकाळी आंघोळीला उचललं तर अंग राखेसारखं, श्वास थांबून थांबून. माझा भाऊ सेवानाइया याने होडी काढली. दवाखान्याच्या धक्क्याला लागायच्या आतच ती गेली, वहिनीच्या मांडीवर.

पोरीचं आणि वहिनीचं रक्त तपासणीला सुवाला पाठवलं होतं. निकाल आल्यावर डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बोलावलं; सोबत मी होते. बाईंनी सावकाश सांगितलं. त्या गोळीचं शरीरात गेल्यावर अफूच्या जातीचं जालीम औषध होतं. काही जणींच्या अंगात ते फार भराभर होतं, वहिनी त्यातली निघाली. ते दुधात उतरलं. मोठ्या माणसाचं यकृत, मूत्रपिंडं असलं औषध बाहेर टाकतात. नवजात बाळाची अजून कच्ची असतात. आधीचं बाहेर पडायच्या आत पुढचं येत राहिलं, साचत गेलं.

"म्हणजे ती झोपत नव्हती," वहिनी म्हणाली.

बाई म्हणाल्या, "नाही. पण हे तुम्हाला कळण्यासारखं नव्हतं. आम्ही सांगायला हवं होतं."

परतीच्या वाटेवर वहिनीने मला शपथ घातली. दारात आईने विचारलं, काय म्हणाली डॉक्टरीण? वहिनीने सांगितलं, काळीज जन्मापासूनच कमजोर होतं. आईने तिला जवळ घेतलं. पोर गेली तरी दूध थांबत नव्हतं. आई भिजलेल्या चोळ्या धुवायची, आणि वहिनी तिच्याकडे बघत बसायची.

वर्षभराने लितिया मावशीची लेक रेजीएली पोट शिवून, बाळ घेऊन घरी आली. आई लगबगीने निघाली. त्या पोरीकडेही दुखण्याच्या गोळ्या आहेत आणि ती घेत नाही, असं कानावर आलं होतं. वहिनी दारात आडवी आली.

"आई, तिला गोळ्या देऊ नका." आणि मग सगळं सांगितलं.

आई उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "एवढे दिवस हे घेऊन एकटी कशी राहिलीस गं?"

वहिनी तिच्या शेजारी बसून रडली. पोर गेल्यापासून तिला मी रडताना पाहिलं नव्हतं.

आई तरीही गेली. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, माझ्या नातीला मी माझ्या हाताने हे दिलं, तुम्ही आधी दवाखान्यात विचारा. नर्सला बोलावलं. तिने गोळ्या पाहिल्या. त्या निराळ्या होत्या, साध्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला न बाधणाऱ्या. रेजीएलीचा मुलगा तेव्हा पाय झाडत भोकाड पसरून रडत होता.

वहिनीने सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

अजूनही कुणाकडे मूल झालं की आईला बोलावणं येतं. ती जाते, कंद उकडते, भांडी घासते. बाळ कुणी तिच्या मांडीवर द्यायला लागलं की म्हणते, हात ओले आहेत.