फरशीखालचा बेस

"बाबांच्या गाण्यांचा आवाज चालू असला की समजायचं, ठीक आहेत. थांबला, तर तेवढं डोकावशील ना गं?" खालच्या मजल्यावरच्या काकांची मुलगी परगावी निघताना जिन्यात म्हणाली.

"थांबतोय कुठला, ताई! थांबला तर आम्ही सुटलो," वरच्या मजल्यावर राहणारी ती हसून म्हणाली होती. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते.

काका जन्मभर यंत्रमागांच्या गोंगाटात राबले आणि कान तिथेच ठेवून आले. गाण्यातलं त्यांच्या वाट्याला उरलं ते फक्त घुमणारं, खालच्या पट्टीतलं, म्हणजे बेस. सगळी इमारत त्यांना बेसकाका म्हणायची.

बाळ झालं आणि ती तणतणत खाली गेली. काका अनवाणी पाय फरशीला टेकवून खुर्चीत बसले होते.

"काका, बाळ दचकेल ना!"

"ओरडू नकोस, पोरी. बहिरा आहे, आंधळा नाही. ओठ दिसतात." त्यांनी कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खोक्याकडे बोट केलं. "मधोमध ठेवला तर पोकळ वाजतो. कोपऱ्यात सारला की भिंती हातभार लावतात. मग तळपायांना कळतं, गाणं कुठवर आलंय."

"तुमच्या तळपायांपायी माझं घर हादरतंय!"

काका खो खो हसले. मग ओशाळले. "खाली काहीतरी मऊ घालू. फरशीला टेकला नाही की वर येणार नाही."

बाळाची एक जादा गादी तिनेच आणून दिली. दोघांनी मिळून खोकं तिच्यावर ठेवलं. काकांनी तळपाय टेकवून पाहिले. फरशी मुकी झाली होती.

"झ्याक," ते म्हणाले आणि हळूच तळहात खोक्यावर ठेवला. "हात आहेत की अजून."

वर सामसूम झाली. तिला हायसं वाटलं. जिन्यातलं बोलणं तिच्या मनातही आलं नाही.

बाळाला मात्र ती सामसूम मानवेना. पोटात असल्यापासूनची त्याची अंगाईच बंद पडली होती. रडून रडून लालबुंद व्हायचं. शेवटी एका दुपारी त्याला खांद्यावर टाकून ती खाली निघाली. 'काका, हरले मी, काढा ती गादी,' असं म्हणायचं ठरवूनच.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत एकच सीडी फिरून फिरून वाजत होती. काका खोक्याला खेटून खाली बसले होते, डोकं भिंतीला टेकलेलं. ओठ दिसावेत म्हणून ती समोर वाकली.

"काका, आवाज वाढवता का जरा?"

तिने त्यांच्या खोक्यावरच्या हाताला हात लावला. हात गार होता. गाण्याच्या ठेक्यावर मात्र अजून थरथरत होता.

खांद्यावरचं बाळ झोपून गेलं होतं.

"आवाज थांबला होता का गं?" ताईने फोनवर विचारलं.

"नाही, ताई," ती म्हणाली. "चालूच होता. मलाच येत नव्हता."

तुमच्याही वरखाली कोणाचा तरी आवाज असेल, तुम्हाला नकोसा झालेला. अलीकडे तो येईनासा झाला असेल, तर हे वाचायचं बाजूला ठेवा आणि आधी त्यांचं दार वाजवून या. त्यांना ऐकू येत नसेल, तर दार लोटून आत जा.