वाटणीत गेलेले राक्षस

मित्रांनो, माझ्या खोक्याच्या चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली आहे आणि झाकणावरचे चित्र पुसट झाले आहे. यावरूनच मी किती वापरलेला पटावरचा खेळ आहे, हे तुम्ही ओळखाल. आज तुम्हाला माझी जीवनकथा सांगावी, असे मनापासून वाटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पुठ्ठ्यावर डोंगरातले एक गाव छापले गेले. त्यात पूल, पाणचक्की, घंटाघर आणि दवाखाना होता. त्या गावाच्या रक्षणासाठी मला चार माणसे मिळाली : डॉक्टर, पोस्टमन, शिक्षिका आणि पहारेकरी. गावावर चालून येण्यासाठी चार राक्षस मिळाले : काळ्या झग्याचा रक्तपिपासू, लांडग्याच्या तोंडाचा माणूस, पट्ट्यांत गुंडाळलेले प्रेत आणि डोहातला खवल्यांचा प्राणी. माझा स्वभाव इतर खेळांहून निराळा आहे. माझ्यात कोणी कोणाला हरवत नाही. सर्वांनी मिळून गाव वाचवायचे असते. जिंकले तर सारे जिंकतात, हरले तर सारे हरतात.

नागपूरहून मला श्रेयसने आणले. उमरखेडला मधुसूदनरावांचे स्वतःचे घर होते. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सारे आबा म्हणत. त्यांची पत्नी रत्नप्रभाबाई, थोरला सलील, धाकटा श्रेयस, दोघांच्या बायका, सलीलची ऋचा आणि श्रेयसची गौरी अशी भरल्या गोकुळासारखी माणसे तेथे एका चुलीवर जेवत होती.

माझे खोके उघडताच रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "हे काय आणलं रे श्रेयस? नुसते भुतंच भुतं दिसून राह्यले!"

"खेळून तं पाय, आई. याच्यात भांडण नाही."

आबा हसले. "भांडण नाही तं तुह्या आईले कायची मजा येईन?"

त्या दिवसापासून आबा, आजी आणि दोन्ही मुली असे सारे रोज दिवेलागणीला मला मांडू लागले. आबा पोस्टमन झाले. पिवळ्या लुगड्याची शिक्षिका आजींनी घेतली. काळ्या झग्याच्या राक्षसाला त्या 'वकीलसाहेब' म्हणत. "आले पाहा वकीलसाहेब, आता तारीख देतीन!" असे त्या म्हणाल्या की मुली हसून लोळत. राक्षसाला पळविण्यासाठी लागणारी लसणाची चकती हरवली, तेव्हा आजींनी स्वयंपाकघरातून खरी पाकळी आणून पटावर ठेवली. पुढे ती वाळली की त्या नवी ठेवीत. माझ्या अंगाला येणारा तो वास कारखान्याचा नव्हे, त्यांच्या हाताचा आहे.

गौरी मात्र राक्षसांना फार भीत असे. त्यांना हलविण्याची पाळी आली की ती डोळे मिटून घेई आणि ऋचा तिच्या वतीने हलवी. एखादे माणूस राक्षसाच्या तावडीत सापडले की ते आडवे ठेवायचे, असा माझा नियम आहे. दुसरे कोणी त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले म्हणजे ते पुन्हा उठते. गौरीची सोंगटी आडवी झाली की ऋचा सारा गाव सोडून तिच्याकडे धाव घेई. अशी सुखाची वर्षे मी पाहिली.

पुढे श्रेयसला राजूरला कोळसा खाणीच्या कार्यालयात नोकरी लागली. त्यानंतर घरात काय बिनसले, हे खोक्यात बसून मला कळले नाही. आवाज तेवढे कळले. अखेर वाटणी ठरली आणि रत्नप्रभाबाईंचे भाऊ जीवनमामा पंच म्हणून आले.

"आपली रीत सारायले ठाऊक आहे," मामा म्हणाले. "मोठा वाटे पाडते, लहाना उचलते. म्हणजे कोणाच्या मनात राहत नाही."

सलीलने वाटे पाडले, श्रेयसने उचलले. भांडी गेली, गाद्या गेल्या. मग माणसेही वाट्यात धरली गेली. आबा सलीलकडे राहतील, आजी श्रेयससोबत राजूरला जातील, असे ठरले. त्या वेळी दोघांकडेही कोणी पाहिले नाही.

दोन्ही मुली मला पोटाशी धरून बसल्या होत्या. कोणीतरी म्हणाले, "तेही वाटून घ्या." ऋचा मोठी होती, म्हणून तिने वाटे पाडले. एकीकडे पट आणि चारही माणसे, दुसरीकडे चारही राक्षस. मग ती आबांच्या कानाशी लागली.

"आबा, तिले उचलताच येणार नाही. अर्ध्यानं खेळ होतच नाही ना. मंग मामा म्हणतीन, हे सोबतच ठेवा. अन् मंग घरही..."

हीच तिची चूक झाली. गौरीने दोन्ही वाट्यांकडे पुष्कळ वेळ पाहिले. नंतर तिने चारही राक्षस फ्रॉकच्या ओच्यात भरले.

"अवं, तू तं या राक्षसायले भेते ना! काहून घेतले?" ऋचा रडकुंडीला आली.

"भेतो म्हणूनच घेतले," गौरी म्हणाली. "आम्ही गेल्यावर हे इथं राह्यले, तं तुले अन् आबाले कोण वाचवन?"

जीवनमामांनी मान खाली घातली. पण रीत ती रीत. वाटा उचलला गेला होता.

मित्रांनो, जिल्ह्याच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला माझे राक्षस, असे दिवस सुरू झाले. ऋचा मला मांडी आणि तशीच बसून राही. माझ्या गावावर आता कोणतेही संकट नव्हते. त्यामुळे कोणाला कोणाकडे धावण्याचे कारणही उरले नव्हते. आबा मात्र आजींच्या पाळीला फासा टाकीत आणि पिवळी शिक्षिका हलवीत. लसणाची पाकळी वाळून कागदासारखी झाली, तरी ती त्यांनी काढू दिली नाही.

एकदाच मोबाइलवर गौरी दिसली. "ताई, वकीलसाहेब बरे आहेत. लांडगा तेवढा खोड्या करते." तिच्यामागे आजी पदराने तोंड झाकून हसत होत्या. आबा मोबाइलजवळ सरकले. इतक्यात पलीकडून "पुरे आता, ठेव" असे ऐकू आले आणि आजी दिसेनाशा झाल्या. ते त्यांचे शेवटचे हसणे ठरले. थंडीत त्या राजूरलाच वारल्या. आबा पोहोचले, तेव्हा त्या बोलण्यापलीकडे गेल्या होत्या.

तेरवी उमरखेडला झाली. गौरी आली ती हिंगाचा डबा घेऊन. त्यातले चारही राक्षस तिने ऋचाच्या हाती दिले. त्यांच्या अंगावर कोळशाची बारीक धूळ होती.

"आजी होती तोवर मले या राक्षसायचं भेव नाही वाटलं," ती म्हणाली. "आता वाटते. ताई, तूच ठेव."

ऋचाने मला मांडले. माझ्यात आता एकही सोंगटी कमी नव्हती. आबा जवळ बसले. त्यांनी पिवळी शिक्षिका उचलली आणि दवाखान्याच्या दाराशी आडवी ठेवली. नंतर आपला पोस्टमन तिच्या शेजारी उभा केला.

"आबा, पुढची पाळी?" गौरीने हळूच विचारले.

"थांब पोरी. शेजारी कोणी उभं राह्यलं की उठते ना माणूस?" आबांचा हात पटावरून हलला नाही. "आजून उठली नाही ते."

दाराच्या एका अंगाला सलील उभा होता, दुसऱ्या अंगाला श्रेयस. दोघांचेही डोळे भरले होते. एक पाऊल आत आले असते, तर मला दोन गडी मिळाले असते. तेवढ्यात अंगणात गाडी वाजली. श्रेयसने गौरीला हाक मारली आणि ती गेली.

तेव्हापासून मी तसाच मांडलेला आहे. आबा मला आवरू देत नाहीत. पोस्टमन उभा आहे, शिक्षिका निजलेली आहे आणि राक्षस आपापल्या जागी स्वस्थ आहेत. त्यांनी या घरातल्या कोणाचेही काही वाईट केले नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. माझी एखादी सोंगटी हरवली तर लसणाची पाकळी ठेवा, मी चालवून घेईन. पण माझे वाटे पाडू नका. आणि तुमच्या घरात कोणी आडवे पडलेले दिसले, तर उठून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. वेळेवर गेलात, तर ते माणूस उठते.